रांग न मोडलेली एकमेव तुकडी

गोळी झाडल्याबद्दल सैनिकाला पदक मिळतं. न झाडल्याबद्दल सहसा मिळत नाही, आणि मिळालंच तर इतक्या उशिरा की घेणाऱ्याचे केस पांढरे झालेले असतात.

29 डिसेंबर 1890 रोजी साउथ डकोटातल्या वूंडेड नी या ओढ्याकाठी अमेरिकेच्या सातव्या घोडदळाने लकोटा या मूळ रहिवासी टोळीच्या तळावर गोळीबार केला. मेलेल्यांत बायका-मुलांची संख्या मोठी होती. त्या दिवसाच्या ‘कामगिरी’बद्दल सुमारे वीस सैनिकांना ‘मेडल ऑफ ऑनर’ हे सर्वोच्च लष्करी पदक देण्यात आलं. शंभर वर्षांनी, 1990 साली, अमेरिकन काँग्रेसने ठराव करून खेद व्यक्त केला. पदकं मात्र जागच्या जागी राहिली. 2024 मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी फेरतपासणीचा आदेश दिला, आणि सप्टेंबर 2025 मध्ये त्यांच्या जागी आलेल्या पीट हेगसेथ यांनी पदकं कायम राहतील असं जाहीर करून टाकलं.

माझ्या मते ती काढून घ्यायला हवी होती. पण या वादात एक प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. पदकं राहावीत म्हणणाऱ्यांचा सगळा भर ‘सैनिकांनी हुकूम पाळला, शिस्त पाळली’ यावर असतो, आणि काढा म्हणणारेही बहुतेक वेळा एवढं मान्य करूनच पुढे बोलतात: शिस्त होती, पण माणुसकी नव्हती. मला हे पहिलं अर्धवाक्यच मान्य नाही. हुकूम पाळला म्हणजे शिस्त पाळली, हे समीकरण मुळातच कच्चं आहे. ते कुठे मोडतं हे पाहायचं तर वूंडेड नीच्या 26 वर्षं मागे, कोलोरॅडोच्या घोडदळातल्या एका तरुण कॅप्टनकडे जावं लागतं.

त्याचं नाव सायलस सोल. आपल्याकडे अमेरिकन घोडदळ माहीत आहे ते वेस्टर्नपटांतून. बिगूल वाजतं, निळ्या गणवेशातले स्वार टेकडी उतरून येतात, ‘रेड इंडियन’ पळतात आणि थिएटरात टाळ्या पडतात. अधिकाऱ्यांपैकी ऐकून माहीत असतो तो कस्टर: लांब केसांचा, फोटोची हौस असलेला, वेस्ट पॉइंटच्या आपल्या वर्गात शेवटचा आलेला आणि लिटल बिगहॉर्नच्या लढाईत तुकडीसकट मारला गेलेला. सोलच्या वाट्याला असलं काही आलं नाही. जगलाच जेमतेम 26 वर्षं.

जन्म 1838 चा, मेन राज्यातल्या बाथ या गावचा. घरचे गुलामगिरीचे कट्टर विरोधक. कॅन्सस हा नवा प्रदेश गुलामगिरीचा होणार की मुक्त राहणार हे तिथे राहायला कोण जातं यावर ठरणार होतं, म्हणून न्यू इंग्लंडमधल्या चळवळीतली कुटुंबं मुद्दाम बिऱ्हाड हलवून तिकडे गेली. त्यांत हे कुटुंब होतं. मिसुरीतून पळून आलेल्या गुलामांना त्यांच्या घरात आसरा मिळायचा. कायद्याने हा गुन्हा होता. म्हणजे वाईट कायदा मोडण्याचं बाळकडू पोराला घरीच मिळालं.

1859 साली गुलामांना पळायला मदत केल्याबद्दल डॉ. जॉन डॉय यांना मिसुरीतल्या सेंट जोसेफच्या तुरुंगात डांबलं होतं. त्यांना सोडवायला कॅन्ससमधून दहा जण गेले. त्यातला विशीतला सोल ‘बायकोचा निरोप आणलाय’ अशी थाप मारून आत शिरला आणि त्याने डॉयच्या हातात चिठ्ठी सरकवली. रात्री बाकीचे ‘घोडेचोर पकडून आणलाय, कोठडीत टाका’ म्हणत दारात हजर झाले, आणि डॉयना घेऊन गेले. पुढे गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र उठाव करणाऱ्या जॉन ब्राउनचे दोन साथीदार व्हर्जिनियात फाशीची वाट पाहत असताना हाच सोल दारुड्या आयरिश माणसाचं सोंग घेऊन मुद्दाम त्या तुरुंगात पोचला. त्या दोघांनी पळायला नकार दिला. रक्तपात नको म्हणाले. सोल परतला. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण हा माणूस काही गंभीर चेहऱ्याचा संत नव्हता. थापाड्या होता, गमत्या होता, नकला करायचा. सदसद्विवेकबुद्धी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर सुतकी चेहरे येतात, तसं इथे नव्हतं.

1860 मध्ये सोन्याच्या शोधात तो कोलोरॅडोला गेला. यादवी युद्ध पेटल्यावर पहिल्या कोलोरॅडो पलटणीत भरती झाला. 1862 च्या मार्चमध्ये ग्लोरिएटा खिंडीत दक्षिणेच्या फौजेशी लढला. त्या लढाईत ज्याने नाव कमावलं तो मेजर जॉन चिव्हिंग्टन म्हणजे मेथडिस्ट पंथाचा धर्मोपदेशक, सहा फुटांहून उंच, खड्या आवाजाचा. पलटण पायदळाची होती, तिचं पुढे घोडदळ झालं. चिव्हिंग्टन कर्नल झाला, सोल कॅप्टन. इथवर कुणाही होतकरू अधिकाऱ्याची असावी तशी कारकीर्द आहे.

आता एक फोटो. 28 सप्टेंबर 1864, डेन्व्हरजवळचा कॅम्प वेल्ड. मधल्या रांगेत शायेन आणि अरापाहो टोळ्यांचे सात प्रमुख बसलेत. त्यांत ब्लॅक केटल आहे, व्हाइट अँटेलोप आहे. मागे काही मंडळी उभी. आणि सगळ्यांच्या पुढे, जमिनीवर गुडघा टेकून, दोन गोरे अधिकारी: मेजर एडवर्ड वाइनकूप आणि कॅप्टन सोल. या दोघांनीच जीव धोक्यात घालून टोळ्यांच्या तळावर जाऊन प्रमुखांना वाटाघाटीसाठी आणलं होतं. वातावरण तंग होतं. त्याच जूनमध्ये डेन्व्हरच्या जवळ हंगेट नावाच्या कुटुंबाची, दोन लहान मुलींसकट, हत्या झाली होती आणि प्रेतं शहरात आणून लोकांना दाखवली होती. गव्हर्नर जॉन इव्हान्सने ऑगस्टमध्ये फर्मानच काढलं होतं की शत्रू टोळ्यांचे लोक दिसतील तिथे नागरिकांनी मारावेत आणि त्यांची मालमत्ता खुशाल ठेवून घ्यावी. शंभर दिवसांच्या बोलीवर तिसरी कोलोरॅडो घोडदळ पलटण उभी केली होती. वाइनकूपने पुढे शपथेवर सांगितलं की गव्हर्नरची खरी अडचण ही होती: आता समेट केला तर या पलटणीचं करायचं काय? ती तर मारायलाच उभी केली आहे.

बैठकीत प्रमुखांना सांगण्यात आलं की शस्त्रं खाली ठेवायची असतील तर वाइनकूपकडे, म्हणजे फोर्ट लायनच्या लष्करी ठाण्यावर, जा. ते गेले. फोर्ट लायनपासून सुमारे 40 मैलांवर, सँड क्रीकच्या वळणावर त्यांनी तळ टाकला. नोव्हेंबरात वाइनकूपची बदली झाली. त्याच्या जागी मेजर स्कॉट अँथनी आला. शब्द देणारा गेला. शब्द मात्र कागदावर नव्हताच, तो माणसाबरोबर गेला.

नोव्हेंबरअखेर चिव्हिंग्टन तिसरी पलटण घेऊन अचानक फोर्ट लायनला येऊन धडकला. काय शिजतंय हे लक्षात आल्यावर सोल लेफ्टनंट कॅननच्या खोलीत गेला. तिथे दोन्ही पलटणींचे अधिकारी जमले होते. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की आपल्याला परिस्थिती माहीत असताना या खुनांत जो भाग घेईल तो नीच, भेकड... (पुढची शिवी मी गाळतो, त्याने गाळली नव्हती). ही बातमी चिव्हिंग्टनपर्यंत पोचली. निघण्याआधी या कॅप्टनला लटकावतो, अशी भाषा छावणीत झाली.

आणि तरी सोल त्यांच्याबरोबर गेला. त्याचा गौरव करणारे इथे घाईने पुढे सरकतात. मी थांबतो, कारण याचा हिशेब त्याने स्वतःच दिला आहे. अँथनीने त्याची समजूत काढली: आपण वचन दिलेल्यांना हात लावणार नाही, मोहीम पुढच्या सू टोळ्यांवर आहे. सोल म्हणाला, लढणाऱ्या टोळ्यांवर असेल तर मी कुणाच्याही मागे राहणार नाही. या लोकांच्या हत्येत मात्र नाही. तसंच आहे, असं त्याला सांगितलं आणि तो निघाला. त्याने विश्वास का ठेवला? तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना गंडवणारा माणूस इतका भाबडा होता? की नोकरीतल्या माणसाला वरिष्ठाच्या ज्या आश्वासनावर विश्वास ठेवणं सोयीचं असतं, त्यावर तो ठेवतोच? मला दुसरं वाटतं. रात्रभराच्या घोडदौडीत तळाला सावध करायला तो निसटला नाही, हेही खरं.

28 ला रात्री आठच्या सुमारास सुमारे 675 स्वार आणि चार तोफा निघाल्या. 29 नोव्हेंबरच्या पहाटे त्या तळाशी पोचल्या. तळावर साडेसातशेच्या आसपास माणसं होती. ब्लॅक केटलने आपल्या तंबूवर अमेरिकेचा झेंडा फडकावला होता, बरोबर पांढरं निशाण. हा झेंडा असेल तर सैनिक हात लावणार नाहीत असं त्याला पूर्वी सांगितलं गेलं होतं. व्हाइट अँटेलोप मारला गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या नोंदीनुसार त्या दिवशी सुमारे 230 माणसं मेली, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. मेल्यावरही प्रेतांना सुख मिळालं नाही. सोलने जे पाहिलं ते त्याने 14 डिसेंबरला वाइनकूपला पत्रात लिहिलं, ‘नेड’ म्हणून हाक मारत, मित्राला लिहावं तसं. गुडघे टेकून दयेची भीक मागणाऱ्या पोरांची डोकी सुसंस्कृत म्हणवणाऱ्या माणसांनी फोडली, हे त्यात आहे. त्याहून जास्त तपशील मी इथे उतरवत नाही.

त्याच पत्रातली एक ओळ माझ्या या लेखाचं कारण आहे. सोल लिहितो की आपल्या सैन्यात कसलीही व्यवस्था उरली नव्हती, निव्वळ जमाव झाला होता, जो तो आपापल्या मनाने वागत होता. रांग धरून राहिली ती फक्त माझी तुकडी, आणि आम्ही एकही गोळी झाडली नाही.

इथे हुकूम पाळणाऱ्या पलटणींचा बाजार झाला होता. वेगवेगळ्या दिशांनी गोळ्या सुटत होत्या आणि सैनिक आपल्याच माणसांच्या माऱ्यात सापडत होते. टाळू सोलणं, लूट, अंगठ्यांसाठी बोटं कापणं चाललं होतं. आणि हुकूम नाकारणारी ‘डी’ कंपनी तेवढी आपल्या अधिकाऱ्याच्या शब्दावर एकत्र, ओळीत. शिस्त हा शब्द जर लष्करात काही अर्थाचा असेल, तर त्या सकाळी ती कुठे होती?

‘प्रत्येक शिपाई असा स्वतःच्या मनाने ठरवू लागला तर सैन्य चालेल कसं?’ हा आक्षेप काही पोकळ नाही. आपल्याकडे याचं सगळ्यात अवघड रूप 1930 च्या पेशावरमध्ये दिसलं. किस्सा ख्वानी बाजारात निःशस्त्र पठाणांवर गोळ्या घालायला हवालदार चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी नकार दिला, जन्मठेप झाली. आणि पुढे खुद्द गांधीजींनी एका फ्रेंच पत्रकाराशी बोलताना या नकाराला शपथभंग म्हटलं. उद्या राज्य आपलं आलं तर हेच शिपाई आपल्यालाही लागतील, असा त्यांचा रोख होता. अहिंसेच्या पुरस्कर्त्यालाही न झाडलेल्या गोळीची धास्ती वाटावी, इतका हा प्रश्न सत्तेच्या मुळाशी जातो. (पेशावरची तारीख 23 एप्रिल. ती पुढे पुन्हा येईल.)

पण सँड क्रीकला मनाने कोण वागलं? एप्रिल 1863 मध्ये, म्हणजे हत्याकांडाच्या दीड वर्ष आधी, लिंकन सरकारने लष्करासाठी युद्धाचे नियम छापून जारी केले होते. सर्वसाधारण आदेश क्रमांक 100. मसुदा तयार करणाऱ्या फ्रान्सिस लीबर यांच्या नावाने ती संहिता ओळखली जाते. निःशस्त्र नागरिकाचा जीव, मालमत्ता आणि अब्रू युद्धाच्या निकडीत जितकी राखता येईल तितकी राखावी, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. पांढऱ्या निशाणाखालच्या वस्तीवर तोफा डागणं कुठल्या निकडीत बसतं? ती संहिता टोळ्यांना लागूच नाही अशी पळवाट तेव्हाचे लष्करी अधिकारी काढत, हे मला माहीत आहे. पण मग ‘नियम पाळला’ असं म्हणू नका. नियम होता, चिव्हिंग्टनने तो मोडला, सोलने पाळला. खालच्या माणसाने वरच्याचं ऐकलं नाही एवढ्यावरून आज्ञाभंग खालच्याच्या नावावर मांडायचा, ही फक्त खुर्चीची सोय आहे.

चिव्हिंग्टनने ती सोय लगेच वापरली. 16 डिसेंबरच्या अहवालात त्याने सोलच्या नावापुढे शेरा मारला: या अधिकाऱ्याचं वागणं निदान अविचाराचं होतं, आपल्या हातून एकही इंडियन मेला नाही याबद्दल तो देवाचे आभार मानत होता, यावरून त्याची सहानुभूती गोऱ्यांपेक्षा त्या लोकांकडे जास्त होती हे सिद्ध होतं. सरकारी नोकरीतल्या कुणालाही हा शेरा ओळखीचा वाटेल. माणसाने काय केलं यावर एक शब्द नाही. तो ‘आपल्यातला’ नाही एवढंच. त्याच चिव्हिंग्टनने चारशे ते पाचशे योद्धे मारल्याचा दावा केला होता, आणि मेलेल्यांत ब्लॅक केटलचं नाव घातलं होतं. ब्लॅक केटल जिवंत होता. (त्याला मारलं ते चार वर्षांनी, वॉशिटा नदीकाठी, कस्टरच्या घोडदळाने. तेव्हाही तो समेटाच्याच खटपटीत होता.) डेन्व्हरच्या वर्तमानपत्राने मात्र विजयाचे नगारे वाजवले, आणि शहरातल्या थिएटरात टाळूंचं प्रदर्शन झालं.

आता माझ्या म्हणण्याचा दुसरा भाग, आणि तो सोलच्या चाहत्यांना कदाचित रुचणार नाही. गोळी न झाडल्याने सोल मोठा ठरत नाही. त्या सकाळी त्याच्या नकाराने फार माणसं वाचली नसावीत. त्याची तुकडी थांबली. तोफा थांबल्या नाहीत. तो तेवढ्यावर थांबला असता तर एक हळवा किस्सा उरला असता, तोही फार तर त्याच्या घरच्यांपुरता. हात स्वच्छ ठेवून गप्प बसणारे दरेक हत्याकांडात असतात. ते नंतर खासगीत हळहळतात आणि निवृत्तीवेतन घेतात.

सोलने पत्र लिहिलं. त्याच्या मागोमाग लेफ्टनंट जोसेफ क्रेमरने 19 डिसेंबरला लिहिलं. वर्षअखेरीला सोल एका तपासनीस अधिकाऱ्याबरोबर पुन्हा त्या जागी गेला. तिथे 69 प्रेतं मोजण्यात आली. एक महिना उलटून गेला होता, आणि डिसेंबरातल्या त्या माळावर ती तशीच पडलेली होती. प्रेतं मोजणं हे शौर्याच्या कुठल्याही व्याख्येत बसत नाही. पण पाचशे योद्ध्यांच्या थापेला उत्तर द्यायला कुणीतरी हातात कागद घेऊन ते करावं लागतं.

पत्रांनी चक्र फिरलं. वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसच्या दोन समित्यांनी दखल घेतली. डेन्व्हरला लेफ्टनंट कर्नल सॅम्युएल टॅपन यांच्या अध्यक्षतेखाली लष्करी चौकशी बसली. फेब्रुवारी 1865 मध्ये तिच्यासमोर पहिला साक्षीदार उभा राहिला तो सोल. आणि उलटतपासणी घ्यायला समोर कोण? खुद्द चिव्हिंग्टन. त्याने जानेवारीतच लष्कराचा राजीनामा देऊन टाकला होता, त्यामुळे कोर्ट मार्शलच्या कक्षेतून तो बाहेर पडला होता. मात्र साक्षीदारांना प्रश्न विचारायची मुभा त्याला होती. ज्या शहरात रस्त्यावरचा माणूस तिसऱ्या पलटणीला देवमाणसं समजत होता, त्या शहरात बसून सोलने दिवसेंदिवस उत्तरं दिली. गोळी न झाडायला एक सकाळ पुरते. या खुर्चीत रोज जाऊन बसायला वेगळं काळीज लागतं.

तोवर तो शहरातल्या लष्करी पोलिसांचा प्रमुख झाला होता. 1 एप्रिलला त्याने हर्सा कोबर्लीशी लग्न केलं. आपला खून होणार असं त्याने एका सहकाऱ्याला सांगून ठेवलं होतं. 23 एप्रिलला, लग्नानंतर बावीस दिवसांनी, रात्री रस्त्यावर गोळ्यांचे आवाज आले. कामच ते, म्हणून तो बघायला गेला. चार्ल्स स्क्वायर नावाच्या सैनिकाने त्याला समोरून गोळी घातली. लिंकनच्या हत्येला जेमतेम नऊ दिवस झाले होते. देश दुसऱ्याच सुतकात होता. स्क्वायर न्यू मेक्सिकोत सापडला. त्याला पकडून आणणारा अधिकारी लेफ्टनंट कॅनन, ज्याच्या खोलीत सोलने ती शिवी दिली होती तोच. पुढे कॅनन हॉटेलच्या खोलीत मेलेला आढळला, आणि स्क्वायर कोठडीतून पळाला तो कायमचा. खुनामागे कोण होतं हे कुठल्याही कोर्टात ठरलं नाही. मेलेल्या साक्षीदाराच्या अब्रूवर चिखल उडवणारी जबानी मात्र चौकशीपुढे आणण्याचा प्रयत्न झाला.

सँड क्रीकबद्दल शिक्षा कुणालाच झाली नाही. काँग्रेसच्या समितीने चिव्हिंग्टनवर कडक ताशेरे ओढले, हे हत्याकांड जाणूनबुजून आखलेलं आणि नीच होतं असं लिहिलं. इव्हान्सला पद सोडावं लागलं. चिव्हिंग्टन 1894 साली डेन्व्हरमध्ये आपल्या मरणाने मेला.

म्हणून ‘त्या काळाच्या फूटपट्टीने मोजा’ हा युक्तिवाद ऐकला की मला राग येतो. कुठल्या काळाची फूटपट्टी? सोल, क्रेमर, वाइनकूप, टॅपन ही त्याच काळातली माणसं. ताशेरे ओढणारी समिती 1865 ची. 1865 च्या तहात खुद्द अमेरिकन सरकारने सँड क्रीकच्या अत्याचारांचा निषेध नोंदवला आहे. त्या काळाला सगळं कळत होतं. विसरण्याचं काम नंतरच्यांनी केलं. 1909 मध्ये डेन्व्हरच्या विधानभवनासमोर यादवी युद्धाचं स्मारक उभारलं, तेव्हा लढायांच्या यादीत सँड क्रीकही कोरलं गेलं. घटना घडून 45 वर्षांनी तिला लढाई म्हटलं गेलं. जुन्या काळाला बोल लावून नव्या काळाची लबाडी झाकायची, हा उद्योग सगळीकडे चालतो.

गेल्या पंचवीस वर्षांत उलटी चाकं फिरली आहेत. 2000 साली सोल आणि क्रेमर यांच्या पत्रांच्या प्रती एका जुन्या ट्रंकेतून बाहेर आल्या आणि त्याच वर्षी सँड क्रीकचं राष्ट्रीय स्मारकस्थळ करण्याचा कायदा झाला. तो मांडणारे सिनेटर बेन नाइटहॉर्स कँपबेल स्वतः नॉर्दर्न शायेन. 2014 मध्ये कोलोरॅडोच्या गव्हर्नरांनी माफी मागितली. इव्हान्सचं ऑगस्ट 1864 चं फर्मान औपचारिकरीत्या रद्द व्हायला 2021 उजाडावं लागलं. 2023 मध्ये त्याच्या नावाचं शिखर ‘माउंट ब्लू स्काय’ झालं. आणि डेन्व्हरमध्ये जिथे सोल पडला त्या भागात 2010 पासून त्याच्या नावाची पाटी आहे.

ही पाटी मला आवडते आणि तिची भीतीही वाटते. सोलला ‘लष्कराची सदसद्विवेकबुद्धी’ करून भिंतीवर टांगलं की लष्कर सुटतं. दोनशे तीस मेलेल्यांच्या गोष्टीत एक चांगला गोरा कॅप्टन सापडला, की वाचणाऱ्याला त्याच्या जागी स्वतःला कल्पून घेता येतं. आपण त्या रांगेत असतो तर नक्कीच सोलसारखे वागलो असतो, अशी प्रत्येकाची खात्री असते. हिशेब मात्र तसा जमत नाही. त्या पहाटे 675 होते. म्हणून त्याचा गौरव करण्याचा अधिकार कुणाचा, हे महत्त्वाचं. 1999 पासून शायेन आणि अरापाहो तरुण-तरुणी दरवर्षी नोव्हेंबरात सँड क्रीकपासून डेन्व्हरपर्यंत टप्प्याटप्प्याने धावत येतात. शेवटच्या सकाळी ते रिव्हरसाइड दफनभूमीत सोलच्या थडग्यापाशी थांबतात. हा मान त्यांनी दिला आहे. पेंटागॉनने दिलेला नाही.

पेंटागॉनने असं काही दिल्याचं मोठं उदाहरण पुढच्या शतकातलं. व्हिएतनाममधल्या माय लाय गावात 1968 साली अमेरिकन सैनिक गावकऱ्यांना मारत असताना ह्यू थॉम्सन या पायलटने आपलं हेलिकॉप्टर मध्ये उतरवलं आणि काही जणांना वाचवलं. त्याला आधी एक पदक मिळालं होतं, पण ते खोट्या मजकुराचं, जणू तो शत्रूच्या गोळीबारात शौर्य गाजवत होता. त्याने ते फेकून दिलं. खरं कारण लिहिलेलं पदक 1998 मध्ये मिळालं, तीस वर्षांनी. तेव्हा ‘असं पदक देता येत नाही’ हे खरं नाही. देता येतं. खरं कारण लिहावं लागतं, आणि तिथेच पेन अडतं.

वूंडेड नीची पदकं कायम ठेवणाऱ्यांकडे माझं साधं मागणं आहे. ठेवायचीच असतील तर प्रत्येक पदकासमोर त्या दिवशी त्या सैनिकाने काय केलं ते, सोलने नेडला लिहिलं तशा सरळ भाषेत, छापा. ‘कर्तव्य’, ‘धैर्य’, ‘विलक्षण’ हे शब्द वगळून. आणि घोडदळाच्या इतिहासाच्या पुस्तकात शिस्तीवरचं प्रकरण लिहाल तेव्हा 29 नोव्हेंबर 1864 च्या सकाळची ‘डी’ कंपनी त्यात घाला.

सँड क्रीकच्या स्मारकाकडे आजही राज्य महामार्ग 96 वरून जावं लागतं. जिथे कच्च्या रस्त्याला वळायचं त्याच्या जवळ जवळजवळ ओस पडलेलं एक गाव लागतं. नकाशावर त्याचं नाव अजूनही चिव्हिंग्टन आहे.